न गंजणारं धुराडं

आमच्या भट्टीचं धुराडं म्हणून मी जो पाईप निवडला, तो अजिबात गंजला नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत माझ्या बाजूने सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

आम्ही अष्टमीत राहतो, रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की लगेच. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतो. माझी बायको शुभांगी मागच्या पडवीत चिवडा करून विकते, आणि गल्लीत मला लोक ओळखतात ते चिवडेवाल्या ताईंचे मिस्टर म्हणून. (कंपनीत माझ्या नावाची पाटी आहे. ती बघायला गल्लीतलं कोणी येत नाही.) तिचे पोहे कोळशाच्या भट्टीवर भाजले जातात. गॅसवर पोहे चामट होतात असं तिचं म्हणणं आहे.

आता कोळसा पेटताना धूर करणारच. पावसाळ्यात पडवीला ताडपत्री बांधली की तो धूर बाहेर जायचं सोडून घरात येतो. म्हणून मी भट्टीवर पत्र्याचा पाईप बसवून तो छपराबाहेर काढला. एका पावसात तो गंजला. नुसता गंजला असता तर चाललं असतं, पण त्याचे पापुद्रे सुटून कढईत पडायला लागले. एका गिऱ्हाइकाने कौतुकाने विचारलं, "यंदा जवस टाकलंत वाटतं?" शुभांगीने हसून तो पुडा परत घेतला, त्या दिवसाचा सगळा चिवडा फेकून दिला आणि मग माझ्याकडे वळली.

"दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत टिकाऊ पाईप बसला नाही, तर मी भट्टी घेऊन पेणला दादाकडे जाते. त्याची शेड मोकळीच आहे."

"म्हणजे तूही तिथेच राहणार?"

"भट्टी जाईल तिथे मी जाणार ना! पोहे काय फोनवरून भाजू?"

लग्न झाल्यापासून एकही दिवाळी मी तिच्याशिवाय काढलेली नाही, आणि तशी काढायची माझ्यात धमकही नाही. मी खरंच घाबरलो. घाबरलेल्या माणसाने काहीही करावं, सासऱ्यांचा सल्ला घेऊ नये. मी घेतला.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते पेणच्या खाडीकाठचे, सगळी हयात मिठागरावर गेलेली. एसटीतून उतरले ते थेट पडवीत आले आणि गंजलेल्या पाईपला त्यांनी बोट लावलं. बोट आरपार गेलं.

"जावयबापू, लोखंड का घेतलंत? आमच्या मिठागरावर लोखंडाचा खिळा पन टिकत नाय. फावडासुदीक लाकडाचा. जगात वस्तू मरते ती गंजानंच."

"अगदी बरोबर, मामा. आमच्या कंपनीत अॅसिडच्या वाफेने लोखंड असंच खाल्लं जातं."

"मंग तुमी काय लावता?"

"प्लास्टिकचा डक्ट, वाफ बाहेर काढायचा मोठा पाईप. अॅसिड त्याचं वाकडं करू शकत नाही."

मामांचे डोळे चमकले. "ह्यो पायजे आपल्याला."

इथे कोणीतरी आम्हाला थांबवायला हवं होतं. पण खाऱ्या हवेत आयुष्य काढलेला सासरा आणि अॅसिडच्या वाफेत नोकरी करणारा जावई असे दोघं एकत्र बसले, की गंज सोडून दुसरं काही सुचत नाही. आम्ही दोन दिवस गंजावर बोलत होतो. भट्टीत आग असते, याचा त्या चर्चेत एकदाही उल्लेख झाला नाही.

धाटावला एका भंगारवाल्याकडे तसाच डक्ट मिळाला, अगदी कोरा, कधी न वापरलेला. पांढरा, जाडजूड, मामांच्या मिठीत जेमतेम मावेल एवढा. तो रिक्षात आडवा घातला तेव्हा दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आला. पुलावर एका ओळखीच्या माणसाने स्कूटर शेजारी आणून विचारलं, "काय, घरीच प्लांट टाकताय का?" मामा रिक्षातून डोकं काढून म्हणाले, "धुराडा हाय! आनि गंजत नाय."

गवंड्याकडून तो भट्टीवर बसवून घेतला. मामांनी नारळ फोडला. शुभांगीने पाईपला वरून खाली हात लावून पाहिलं.

"अहो, हा गरम झाला की काय होतं?"

मी तिला हायड्रोक्लोरिक अॅसिडबद्दल सविस्तर सांगितलं. तिने दोन वेळा मधे बोलायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "शुभे गो, जावय कंपनीत हाईत. त्यांना कलत असंल ना."

मग दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरीचा दिवस आला. निवडलेले पोहे परातींतून तयार होते. शुभांगीने भट्टी पेटवली आणि सगळा धूर सरळ वर निघून गेला. पडवीत इतकं स्वच्छ वाटत होतं की मामांनी मुद्दाम खोल श्वास घेऊन दाखवला. मी सुट्टी टाकून खुर्चीवर बसलो होतो, कौतुक स्वीकारायला.

कोळसा लाल झाला. पहिल्यांदा पाईप जरासा चमकला. मग त्याने मान तुकवली.

"हालतोय काय?" मामांनी विचारलं.

"ऊन लागलं असेल," मी म्हणालो.

पाईप सावकाश वाकत गेला, मधेच कोपरासारखा दुमडला आणि त्याचं वरचं तोंड छपराच्या फटीतून खाली येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळलं. आता भट्टीचा सगळा धूर, पूर्वी कधी आला नव्हता इतक्या शिस्तीत, थेट स्वयंपाकघरात जायला लागला. मी ताडपत्रीचा बांबू घेतला, मामांनी कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि आम्ही दोघांनी तो वर तोलून धरला. तो बांबूवर गुंडाळला गेला.

"पन गंज नाय लागला," मामा खालून म्हणाले.

"आधी बाजूला व्हा दोघं!" शुभांगी ओरडली, आणि आम्ही बाजूला झालो. पाईप कढईत बसला. पोह्यांच्या कढईत.

त्यानंतर जो वास सुटला, तो वर्णन करण्यासारखा नव्हता. आमच्याकडे असा वास आला की कोणी विचार करत बसत नाही. लोक ओला फडका नाकाला लावतात, बाहेर येतात आणि वारा कुठून आहे ते बघतात. गल्ली भरून लोक बाहेर आले, सगळ्यांच्या नाकाला फडकी, सगळ्यांची तोंडं धाटावच्या दिशेला. शेजारच्या कांतावहिनींनी मला पाहिलं आणि त्यांना धीर आला.

"भावजी, बरं झालं तुम्ही घरी हाव. कंच्या कंपनीतून ग्यास सुटलाय? काय हाय, क्लोरीन?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्या वेळापुरता मी पहिल्यांदाच चिवडेवाल्या ताईंचा मिस्टर नव्हतो, कंपनीतला जाणकार होतो. मलाही नाकावरचा फडका काढवेना.

"आमच्याकडून सुटलाय," मी म्हणालो.

"तुमच्या कंपनीतून?"

"आमच्या पडवीतून."

गल्लीने एकेक करून फडकी खाली घेतली. त्यामुळे सगळ्यांची तोंडं मला नीट दिसली.

दुसऱ्या दिवशी शुभांगीचा भाऊ टेम्पो घेऊन आला. भट्टी चढली, घासून घासून साफ केलेली कढई चढली, शुभांगी चढली. मामाही पिशवी घेऊन चढायला लागले.

"अण्णा, तुम्ही इथंच राहा," ती बापाला म्हणाली. "तुमचं दोघांचं छान जमतं."

टेम्पो गेला. घरात धुराचा लवलेश नव्हता आणि मला तिथे बसवत नव्हतं. मामा भात लावत आणि मी कंपनीच्या कँटीनमधून भाजी आणत असे. दोघंही जेवताना पाईपचा विषय काढत नव्हतो. तिची सवय नव्हे, तीच हवी होती, हे मला रिकाम्या पडवीकडे बघून कळलं. मामांनाही कळलं असावं, कारण एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, "जावयबापू, माजीच लेक हाय. पन आपल्या दोघांना येकत्र ठेवायला नको होता तिनं."

शेवटी कांतावहिनीच पुढे झाल्या. आम्हाला घेऊन त्या पाईपच्या दुकानापर्यंत गेल्या. त्यांना पाईपातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी दुकानदाराला एकच विचारलं, "आग सोसंल ना?" त्याने जाड स्टीलचा पाईप काढून दिला. आम्ही तो बसवून घेतला, विटांवर कोळसे पेटवून दुपारभर त्याच्यासमोर बसून राहिलो. तो जागचा हलला नाही. मग मी पेणला फोन लावला.

"पाईप बसवलाय. खाली कोळसे पेटवूनही पाहिले."

पलीकडे कढईत झारा फिरत होता.

"कसला?"

"स्टीलचा."

"निवडला कोणी?"

माझ्या जिभेवर "मी" आलं होतं. मामा समोरून मान हलवून नको म्हणाले.

"कांतावहिनींनी."

"तुम्ही दोघं काही बोललात?"

"आम्हाला त्यांनी दुकानाबाहेर उभं केलं होतं."

"मग उद्या येते," शुभांगी म्हणाली.