वहिनींचं चुकलेलं माप

कापडाला कात्री लावण्याआधी आमच्या वहिनी खाकी कागद कापायच्या. ब्लाऊज शिवायला लागून त्यांना पंचवीस वर्षं झालेली, समोरच्या बाईकडे नुसतं बघून माप सांगायच्या, तरी कागदाशिवाय कापड कापलं नाही. तुम्हाला कशाला हवा आता कागद, असं मी एकदा विचारलंही. म्हणाल्या, "कागद बिघडला तर मलाच कळतं गं. कापड बिघडलं की गिऱ्हाईक बोलतं." वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. त्या डोंबिवलीला राहायच्या, आम्ही ठाण्यात वर्तकनगरला. आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. सरळच सांगते, उगाच आढेवेढे कशाला.

त्यांच्याकडे ना डिग्री होती, ना गाडी, ना नोकरी. हे सगळं माझ्याकडे होतं. त्यांच्याकडे माझी लेक होती. ईशा माझ्या हातची पोळी मोबाइल बघत खायची आणि काकूच्या पोळीचा फोटो काढायची. पीठ दोन्हीकडे एकच, मीच दळून पाठवायचे.

बारावीनंतर ईशाला अ‍ॅनिमेशनला प्रवेश मिळाला आणि तिने जाहीर केलं, की कंप्युटर तयार घ्यायचा नाही, एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा. मी एकोणीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. आता तरी पोरगी माझ्याकडे येईल असं वाटलं. आलीही होती, खोटं का बोला. मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हटलं, तयार घे, कशाला नसते उद्योग. त्या शनिवारी ती डोंबिवलीला गेली. वहिनींनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, "त्याच्या पोटात काय काय असतं, ते आधी मला सांग." झालं. पुढचे दोन महिने पोरगी दर शनिवारी डोंबिवलीत.

ज्या बाईने जन्मात माउस धरला नव्हता, ती हुक लावता लावता कंप्युटर जोडायचे व्हिडिओ बघायला लागली. ग्राफिक्स कार्डाचा पन्हा किती, असं कापडाचं विचारावं तसं विचारायच्या. बाहेरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, तेवढं आधी आणलं. बाकी प्रत्येक भागाचा खऱ्या मापाचा कागद कापला, उंच भागांना पुठ्ठ्याची खोकी केली, वायर कुठून जाणार त्याच्या खडूने रेघा मारल्या. सगळं डब्यात मांडायचं, काढायचं, परत मांडायचं. मी एकदा बघायला गेले तर ईशा म्हणाली, "आई, हात नको हं लावू, जागा हलेल." माझी लेक मला सांगत होती, कंप्युटरला हात लावू नको. नुसता जळफळाट झाला माझा.

मग मी काय केलं? ऑफिसमधल्या एका जाणकाराला विचारून गुपचूप कूलर मागवला. प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा असतो तो. दोघींच्या यादीत साधा होता, मी सगळ्यात भारी घेतला. उंचीचं डोक्यातही आलं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले, आमच्या कामात कुठल्या वस्तूला उंची असते?

शनिवारी स्वतः घेऊन गेले. ईशाने मला मिठी मारली, किती दिवसांनी. मग ती चहा टाकायला आत गेली. वहिनींनी गळ्यातली टेप काढली, कूलर मापला, डबा मापला आणि माझ्याकडे बघितलं. मी समजले. बोटभर जास्त उंच होता, डब्याचं झाकण लागलंच नसतं. आता या बोलणार, मला वाटलं. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते, तेही चारचौघांत.

ईशा चहा घेऊन आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, माझंच माप चुकलं. डबा लहान घेतला मी. बदलून आणू."

मी तोंड उघडलं नाही. त्या स्वतः ते भलंमोठं खोकं रिक्षात घालून कल्याणच्या दुकानात गेल्या, मोठा डबा आणला, कागद पुन्हा पहिल्यापासून मांडले. मला उपकार वाटायला हवे होते. वाटला राग. चांगुलपणातही हिने माझ्यावर मात करावी? पुढे ईशाने कंप्युटर जोडला आणि तो पहिल्या फटक्यात चालू झाला. वहिनींनी एक स्क्रूसुद्धा लावला नाही, शेजारी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. पंधरा दिवसांचं आजारपण, बस. तेराव्याला जेवणं उरकल्यावर सगळे त्यांच्या आठवणी सांगत होते. माझे मोठे दीर म्हणाले, एवढ्या वर्षांत हिचं माप एकदाच चुकलं, ईशाच्या त्या डब्याचं. सगळे हसले आणि डोळे पुसले. ईशाही हसली. मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसल्यावर मी ईशाला सगळं सांगून टाकलं. काकूचं माप बरोबर होतं, चूक माझी होती, आणि मी गप्प बसले. ती चहा ढवळत राहिली.

"मला माहितीये, आई. मी दारातच होते तेव्हा. टेप बघितली मी."

चार वर्षांत मला एका शब्दाने का बोलली नाहीस, मी विचारलं.

"काकूने शपथ घातलेली. म्हणाली, तुला कळलंय हे तुझ्या आईला कधी कळू देऊ नकोस, तिला फार लागेल."

मी कप घेऊन उठले आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. वहिनी गेल्यावर मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा. माझी जाऊ आणि माझी लेक, दोघी मिळून चार वर्षं माझी लाज झाकत होत्या, आणि मला त्यातसुद्धा घेतलं नव्हतं.