आंब्याच्या पेटीतली पिल्लं

पेटीतून आवाज येत नव्हता. मुंबईत विमानात चढवताना आतली दोन्ही पिल्लं इतकी केकाटत होती की वजन करणारा माणूस हसला होता. गोव्यात दाभोळीला हमालाने तीच पेटी उतरवून उन्हात ठेवली तेव्हा ती रिकामी असावी इतकी गप्प होती. मी वरच्या गोणपाटाला कान लावला. गोणपाट कढत लागलं.

"शेटानू, पिलां आवाज करनत नाय," मी म्हटलं.

"निजली आसतली. विमानात माझोय डोळो लागलो."

"उघडून बघूया."

"खुळी काय गो तू? गाऱ्हाणां घातल्याबिगर उघडूची नाय. आवशीन बजावलेला आसा."

आवस म्हणजे त्यांची आई. आमच्याकडे घरात नवीन काहीही आलं, बैल असो की शिवणाचं मशीन, की आधी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. वस्तू कोणाची, कुठून आली, हे देवाला मोठ्याने सांगायचं आणि सांभाळ म्हणायचं. त्याआधी ती वापरायची नाही. माझं त्याला काही म्हणणं नाही. माझं माहेर तारकर्लीचं, मासे मारणाऱ्यांचं. तिथे नवं वल्हं आणलं तरी गाऱ्हाणं होतं. पण वल्ह्याला श्वास घ्यावा लागत नाही. आणि शेटांचं घर मिठबावला, म्हणजे दोन खाड्या तरीतून ओलांडून पुढे अर्ध्या दिवसाचा रस्ता. तोवर पेटी खिळे मारलेलीच ठेवायची होती.

शेट मिठबावचे मोठे बागायतदार. मी त्यांच्याकडे कामाला होते. हंगामात आंब्याच्या पेट्या भरायच्या, बाकी वर्षभर स्वयंपाकघर. त्या साली शेटांची बायको, आमच्या वयनी, मुंबईला माहेरी बाळंत झाल्या आणि मदतीला मला नेलं. परतायच्या वेळी पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या होत्या. गोवा मोकळं होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि तिथवर विमान जात होतं. तान्हं मूल एसटीत धक्के खाईल म्हणून विमान, असं शेट सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या चुलतभावाने मुलाची वरात मोटारीतून आणली होती आणि तेव्हापासून शेटांना अन्न गोड लागत नव्हतं. मुंबईत येईल त्याला ते ऐकवायचे, "तेची सून मोटारीन इली. माझो कुत्रो विमानान येतलो."

त्यासाठी त्यांनी विलायती जातीची जोडी घेतली, नर आणि मादी. बागेत चोर फार झाले होते. बागेची राखण माझा सासरा करायचा. त्याने शेटांकडे एक बॅटरी मागितली होती, रात्री सापकिरडू दिसावं म्हणून. ती मिळाली नव्हती.

कुत्री विकणाऱ्याने वेताची टोपली देऊ केली. शेटांनी ती हातात धरून परत दिली. "जल्मभर माल धाडतंय मी. एक आंबो फुटाक नाय माझो." त्यांनी आंब्याची रिकामी पेटी आणवली, तळाला पेंढा घातला, त्यावर पिल्लं ठेवली, आपटू नयेत म्हणून चारी बाजूंनी आणखी पेंढा कोंबला, फळ्या ठोकल्या. वर गोणपाट शिवून घेतलं, म्हणजे माल वाटेत कोणी काढायला नको.

"वारो खंयसून जातलो?" मी विचारलं होतं.

"फळयेक फटी आसत मां."

फटींत पेंढाच होता. आंबा पेंढ्यात का घालतात? ऊब धरून पिकावा म्हणून. पेंढा किती घातला की फळ किती तापतं, हे मला शेटांनीच शिकवलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मभर जे हात करत आले तेच त्यांनी केलं, आणि आत काय आहे याचा विचार केला नाही. याचाच मला जास्त राग येतो.

विमानाचं कौतुक मला कोणी विचारू नये. ते मुंबईतच कितीतरी वेळ उन्हात उभं राहिलं. आम्ही आत बसून घामाने भिजलो. वर गेल्यावर खाली समुद्र दिसतो म्हणून वयनी खिडकीकडे बोट दाखवत होत्या. मी मूल मांडीवर घेऊन बसले होते आणि ती पेटी माझ्या पायांखाली कुठेतरी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दाभोळीला मी परत म्हटलं, "शेटानू, उघडूया."

वयनीही सावलीतून म्हणाल्या, "बघूक काय जाता?"

"तुमी बायलां मधी पडा नको," शेट म्हणाले. "गाडी इली काय बघतंय."

मी माझ्या कडेवरचं मूल शेटांच्या हातात दिलं. हात अडकले की माणूस आडवा येत नाही. हमालाच्या कमरेला ओझं ओढायचा लोखंडी आकडा होता. मी मागितला, त्याने मुकाट्याने दिला. गोणपाट फाडलं आणि आकडा फळीखाली घालून जोर केला. दुसरी फळी निघताना खिळा माझ्या तळहातात गेला.

"तुझ्या बापाशीची पेटी आसा काय ती?" शेट मूल सांभाळत ओरडत होते.

"बापाशीची आसती तर मुंबयेतच फोडलंय आसतंय."

आतून वाफ आली. आढीवरचं झाकण काढल्यावर येते तशी, पण मुताची. नर मधोमध पेंढ्यात रुतला होता. जाडजूड पिल्लू, विकणाऱ्याने त्याचंच कौतुक केलं होतं. त्याची जीभ काळी पडली होती. मादी कोपऱ्यात होती. तिथे फळीची गाठ निखळून भोक पडलं होतं, त्यात तिने नाक खुपसलं होतं. हलत तीही नव्हती.

मुलासाठी उकळून आणलेलं पाणी पिशवीत होतं. मी ते मादीच्या डोक्यावर ओतलं.

"पोराचा पाणी तां," शेट म्हणाले.

मी सगळं ओतलं. पदराने तिचं तोंड पुसलं, पोट चोळलं, उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या. पुष्कळ वेळाने ती ओकली. मग तिची कूस हलायला लागली.

शेटांनी नराला चपलेच्या टोकाने उलटवून पाहिलं. "मादीच जगली?" बाजारातून परत आलेल्या पेटीकडे बघावं तसं ते तिच्याकडे बघत होते. "सगळ्यांका नर म्हणान सांगलंय मी."

हमालाने नराला गोणपाटात गुंडाळून कुंपणापलीकडे पुरलं. मादी मिठबावपर्यंत माझ्या ओटीत आली.

दिवेलागणीला आम्ही पोचलो तर घरापुढच्या खळ्यात माणसं जमली होती. चुलतभाऊही आला होता. शेटांनी हातपाय धुऊन नारळ ठेवला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान विमानान जनावर हाडलेला आसा, तां तू वाटेत सांभाळून सुखरूप घराक आणलंस, असोच पुढे सांभाळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी म्हटलं नाही. माझ्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं.

शेटांच्या आईने विचारलं, "दोन व्हती मां?"

"हिना वाटेतच पेटी फोडल्यान," शेट म्हणाले. "गाऱ्हाण्याआधी."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "तरीच."

मी म्हटलं, "बंद ठेवली आसती तर दोन मड्यांचा गाऱ्हाणां घालूचा लागला आसता."

चुलतभाऊ हसला, आणि शेटांनी मला त्याचीच जास्त सजा दिली. पुढच्या हंगामात पेट्या भरायला मला बोलावणं आलं नाही. गावात मात्र वर्षानुवर्षं सांगत होते की देवाने शेटांचं कुत्रं आकाशातून सुखरूप आणलं आणि माझ्या हाताने दुसरं गेलं. शेट वारले, म्हातारी वारली, तरी मला ते ऐकवणारी माणसं अजून भेटतात. मी त्यांना तळहातावरचा वण दाखवत नाही. त्यांना तो आधी दिसला नाही, तर आता काय दिसणार?

मादी शेटांना नको होती. माझ्या सासऱ्याने नेली. बॅटरी त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. मादी अंधारात त्याच्या पुढे चालायची. त्याच्या मागेही ती काही वर्षं होती.

नर बंद पेटीतच मेला. मादी जगली.