राखून ठेवलेला शब्द

आमच्या कचेरीतले हेडक्लार्क शाईचा टाक केसांना पुसत आणि इंग्रजी विशेषणं केशरासारखी जपून वापरत. बदली झालेल्या साहेबांच्या मानपत्रात त्यांची सेवा ‘इनव्हॅल्युएबल’ लिहा, असा सगळ्यांचा आग्रह होता.

“ज्याचं मोल करताच येत नाही, त्यालाच तो शब्द,” ते म्हणाले. “साहेबांच्या सेवेचं मोल दर महिन्याला पगारात होतंच की!”

मराठी जाणणारे साहेब दारातच उभे होते. तरी हेडक्लार्कांनी शांतपणे ‘यूजफुल’ लिहिलं.

पुढं एक सुईण केलेल्या कामाचा दाखला मागायला आली. प्लेगात नवी पेठ ओस पडली, तेव्हा मागं राहून घरोघरी रोग्यांना तिनंच पाणी पाजलं होतं.

“लई काय केलं न्हाय, दादा. हितंच ऱ्हायले, एवढंच.”

हेडक्लार्क दाखला लिहू लागले. त्या शब्दापाशी आल्यावर ते खुर्चीतून उठले आणि तो त्यांनी उभ्यानं लिहिला.