हातवर मामा

माझ्या मामांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, किती वेळा झाली, ते आता देवच जाणे. आमच्या माजलगावच्या ख्रिस्ती मंडळीत बाकीच्यांचं ते एकदाच झालं आणि ती माणसं निवांत संसाराला लागली. मामांचं मात्र श्रद्धा जागवणाऱ्या दर वर्षीच्या उज्जीवन सभेला नव्यानं व्हायचं. चर्चच्या आवारात मंडप पडायचा, बाहेरगावचे वक्ते यायचे, घसा ताणताणून उपदेश करायचे आणि शेवटी आवाज एकदम मऊ करून म्हणायचे, "सर्वांनी डोळे मिटावेत. आज ज्याला आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे, त्यानं बसल्या जागी हात वर करावा." वाक्य पुरं व्हायच्या आत मामांचा हात वर. नखांत ग्रीस, मनगटावर ढिल्या पट्ट्याचं घड्याळ आणि चेहऱ्यावर सुटत्या बसमध्ये एकदाचं चढायला मिळाल्याचा आनंद. त्यांचं खरं नाव याकोब. पण गावात त्या नावानं कुणी चौकशी केली, तर लोक जरा विचार करून म्हणायचे, "कोन, हातवर मामा व्हय?"

सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना हे दिसायचं कसं, असं कुणी विचारू नये. त्या क्षणी अख्खा मंडप एक डोळा किलकिला करून मामांकडेच बघत असायचा. पोरं तर पैज लावायची.

वक्ते खूश होऊन जायचे. आपल्या उपदेशानं एक जीव वाचला, या समाधानात ते चहा घ्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. कष्टी व्हायची ती मामी. "दर साली पापी निगतो त्यो आमच्याच घरातून," ती माझ्या आईजवळ तणतणायची. "लोकांस्नी वाटत आसंल, ह्यो मानूस वरीसभर करतोय तरी काय!" आणि मामा काय करायचे? माजलगावात त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. दिवसभर ते ट्रॅक्टरखाली उताणे पडलेले असायचे. पाप करायला त्यांना बाहेर यायलाही फुरसत नव्हती.

आमचं घर शेजारीच. त्यामुळे सभेत मामांच्या बाजूला बसून त्यांचा हात धरून ठेवायची कामगिरी मामीनं माझ्यावर सोपवली. पहिल्या वर्षी मी उजवा हात घट्ट धरला, तर मामांनी डावा वर केला. पुढच्या वर्षी डाव्या बाजूला मामी स्वतः बसली. वक्त्यांचा आवाज मऊ झाल्याबरोबर आम्ही दोघींनी दोन्ही हात पकडले, तर मामा उठून उभेच राहिले. बसून वर केलेल्या हातापेक्षा उभा माणूस जास्त दिसतो, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. मामांच्या दोन्ही हातांना लोंबकळलेल्या आम्ही दोघीही मग अर्धवट उठलो, आणि वक्त्यांनी भारावून जाहीर केलं की आज एक संपूर्ण कुटुंब पुढं आलं आहे.

मुळात मामांचा स्वभावच खात्री करून घ्यायचा. आवळलेला नट ते जेवून आल्यावर पुन्हा आवळायचे, आणि ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला हाक मारून तोच नट परत एकदा बघायचे. बीडला जायचं तर "ह्यी बीडलाच जाती न्हवं?" हे कंडक्टरला विचारायचं, मग शेजारच्या प्रवाशाला, आणि वडवणी मागं पडल्यावर पुन्हा कंडक्टरला. घरी मामीला रोज विचारायचे, "रागावलीस काय गं?" ती म्हणायची, न्हाई. ते पुन्हा विचारायचे. असं करत करत ती खरंच भडकायची, आणि मामा समाधानानं मान हलवून म्हणायचे, "बग, मला वाटलंच हुतं."

एकदा तर त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं आणि धरणाच्या कालव्यात आपला पुन्हा बाप्तिस्मा करावा अशी गळ घातली. पाळकसाहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मामा, लहानपणी तुमच्यावर पाणी शिंपडलं. तरुणपणी तुम्ही हट्टानं बुडवून घेतलंत. आता तुम्हाला काय हरभऱ्यासारखं भिजत घालू?" मामा तिथं हसले. गॅरेजवर येऊन मला मात्र हळूच विचारलं, "भिजत घातल्यानं पक्कं हुईल का गं?"

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला त्यांची फार गंमत वाटायची. एका दुपारी मी सरळ विचारलं, "मामा, एवढी कसली भीती हो तुम्हाला? देव काय सोडून देणार आहे का?" त्यांनी पाना खाली ठेवला आणि हसत हसतच सांगितलं. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. जाताना पोराला मिशनच्या बोर्डिंगात ठेवायचे. हंगाम संपला की गावोगावच्या टोळ्या ट्रकनं परत यायच्या आणि बोर्डिंगच्या फाटकाशी पोरांची ही झुंबड उडायची. सगळ्यांचे केस सारखे कापलेले, सगळ्यांच्या चड्ड्या खाकी. "म्या हात वर करून उबा ऱ्हायचो. न्हाईतर बापानं कसं वळखावं?" एका साली बाकीच्या सगळ्या पोरांना त्यांची माणसं घेऊन गेली, पण मामांच्या आईबापाचा ट्रक काही येईना. दिवसामागून दिवस गेले. मामा फाटकाशी एकटेच, आणि तरी हात वर. "दुसरं कुनीच नव्हतं गं तितं," मामा म्हणाले, "पन बापाला वाटाया नको, की पोरगं न्हाईच." मग पाना उचलून पुन्हा ट्रॅक्टरखाली सरकता सरकता बोलले, "देवाच्या घरी तर लई लेकरं हायत, बाई. त्यात म्या दिसलोच न्हाई तर?"

मला एकदम रडू आलं. त्यानंतर मी सभेत त्यांचा हात नुसता धरायची, खाली ओढायची नाही.

मामीला मात्र असलं हळवं होणं जमायचं नाही. नोकरी लागून मी बीडला राहायला गेले त्या वर्षीची गोष्ट. सभेत मामांनी यथासांग हात वर केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं पिशवी भरली आणि ती चकलांब्याला भावाकडे निघून गेली. जाताना उंबऱ्यात सांगून गेली, "तुमी देवाला दर साली नव्यानं हो म्हनता न्हवं? मग मलाबी नव्यानं मागनी घाला. जुन्यावर माजाबी इस्वास न्हाई."

मामांनी दोन दिवस कशीबशी कळ काढली, मग मला फोन केला. सुट्टी टाकून मी त्यांच्याबरोबर गॅरेजातल्या जुन्या जीपमधून चकलांब्याला गेले. दारात मामीचे भाऊ दानिएल उभे होते. डोक्याला फेटा, चेहरा गंभीर. "या पाव्हणं, या. वाट बगतच व्हतो," असं म्हणून त्यांनी आम्हाला ओसरीवर नव्या सतरंजीवर बसवलं. मामा बावचळून माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात आतून मामी आली. डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर, हातात पोह्यांचा ट्रे. तिच्या मागून दारामागं तिच्या वहिनी तोंडात पदर कोंबून उभ्या. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की हा बघण्याचा कार्यक्रम आहे.

"मुलगा काय करतो?" दानिएलमामांनी मला विचारलं.

"काय करतो?" मामा उसळले. "दान्या, तुजा ट्रॅक्टर म्हैनाभर माज्याच गॅरेजात पडलाय की बे!"

"मधी बोलू नगा. वडीलधाऱ्यांचं चाललंय. स्वभाव कसा हाय?"

"संशयी आहे," मी म्हटलं.

"चालंल. आमची पोरगीबी तापट हाय. मग पाव्हणं, मुलगी पसंत हाय का?"

मामांचा ताबाच सुटला. "पसंत? तीन लेकरं झाली, नातू शाळंत जातोय, आन् आता कशाची पसंती? लगीन लागलंय आमचं! एकदा लागलं म्हंजे लागलं!"

मामीनं मामांच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि ट्रे खाली ठेवला. पदर सरळ केला आणि पहिल्यांदाच वर बघितलं. "आसं व्हय? मग दिवाळीत म्या तुमच्यासंगं आठवडाभर बोलले न्हाई, तवा मोडलं व्हतं का?"

"तू रागावली व्हतीस. रागानं कुटं लगीन मोडतंय?"

"आन् मला न इचारता तुमी म्हस इकली, तवा?"

"तवा बी न्हाई."

"तुमी रोज इचारता, रागावलीस का, रागावलीस का. ज्या दिशी इचारायचं इसरता, त्या दिशी म्या तुमची बायकू नसते का?"

"आसतीस की!"

"मग देवाचंच तेवढं कावून मोडतं वो, दर साली?"

मामांच्या हातातला पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. ते मामीकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटात कुठंतरी हसू सुरू झालं, खांद्यांपर्यंत आलं, आणि तोंडात आधीच असलेल्या पोह्यांचा फवारा दानिएलमामांच्या फेट्यावर गेला. मामा सतरंजीवर आडवे झाले. "आगं, काय मानूस हाय गं म्या!" असं म्हणत ते गडाबडा लोळत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. वहिनींनी आतून साखर आणून सगळ्यांच्या तोंडात कोंबली. गलका ऐकून गल्ली गोळा झाली. जो तो विचारू लागला, कुणाचं जमलं? वहिनी सांगत सुटल्या, ह्यांचंच, पुन्ना एकदा!

परतीच्या वाटेवर मामी मागं बसून पेंगत होती. मी मामांच्या शेजारी होते. गाडी चालवता चालवता मामा एकाएकी म्हणाले, "बाई, एक सांगायचं म्या इसरलोच व्हतो. त्या साली उशिरा का व्हईना, बाप आला. ट्रकवरून उडी मारून पळतच आला. पयलं काय बोलला म्हाईत हाय? म्हनला, हात खाली घे की रं, दुकंल. वळनापासून तुलाच बगत आलोय." मामांनी नाक ओढलं. "हात तेवढा ध्यानात ऱ्हायला बग. बापाचं बोलनंच इसरलो."

पुढच्या वर्षीच्या सभेला मी मुद्दाम बीडहून आले. वक्ते नवे होते, पण आधीच्या कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं, की माजलगावात एक तरी हात नक्की वर होतो. शेवटी आवाज मऊ झाला. डोळे मिटले गेले आणि लगेच किलकिले झाले. हात वर झाला नाही. वक्त्यांनी पुन्हा आवाहन केलं. काहीच नाही. "कोणीतरी आहे," ते म्हणाले, "मला आतून जाणवतंय." आता मंडपानं डोळे मिटायचं सोंगही सोडलं आणि सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामा दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून, डोळे घट्ट मिटून, लहान मुलासारखे हसत बसले होते. वक्ते त्यांच्यावरची नजर काढेनात. शेवटी मामीच उठली. "साहेब, ह्यांचं झालंय," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "दुसऱ्या कुनाचं ऱ्हायलं आसंल तर बगा." मंडपात हशाचा असा काही कल्लोळ उठला की पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं, आणि हसू आवरेना म्हणून तेच सुरातून घसरले.

मामा काही बदलले नाहीत. नट आवळतच राहिले, कंडक्टरला विचारतच राहिले. त्यांची फक्त ती एक भीती गेली, आणि तिच्या जागी इतका उत्साह आला की विचारू नका. नाताळात खंजिरी घेऊन ते पोरांच्या पुढं नाचायचे आणि ताल कुठल्या कुठं जायचा. रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "देवाचं आन् माजं लगीन मोडत न्हाई, आमच्या हिनं सांगितलंय."

मागच्या उन्हाळ्यात त्यांना बीडला दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी परत जाणं नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, त्यांनाही. मी उशाशी बसले होते. तरुण नर्स थर्मामीटर घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, जरा हात वर करा." मामांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघं अशी काही खिदळलो की ती बिचारी डॉक्टरांना बोलवायला पळाली. हसण्यानं मामांना धाप लागली. ती ओसरल्यावर मी विचारलं, "मामा, भीती वाटते का हो?"

"जीव घाबरतो की जरा," ते म्हणाले. मग डोळे मिटून पुटपुटले, "पन आता हात वर करायचं काम न्हाई. वळनापासून बगत आसंल."

मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी मामीचं सांत्वन केलं, मामा प्रभूकडे गेले म्हणाले. मामीनं डोळे पुसले आणि त्यांची चूक सुधारली. "गेले न्हाईत, साहेब. त्योच न्यायाला आलता."

यंदाच्या सभेला मामी आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. मामांची मधली खुर्ची आता कुणी ठेवली नव्हती. मामांचा स्वभाव थोडा माझ्यातही उतरला आहे. रात्री कडी लावली की नाही ते मी दोनदा बघते, आणि देवानं आपल्याला धरून ठेवलंय का, असं मलाही अधूनमधून वाटतं. वक्त्यांचा आवाज मऊ झाला, तसा मामीनं माझा हात घट्ट पकडला. "सोडा मामी," मी कानात म्हटलं, "मी काही वर करत नाही."

"म्हाईत हाय," मामी म्हणाली. "ऱ्हाऊ दे तरी."

मग मी तो तसाच राहू दिला.