वल्हवणाऱ्याचं तोंड

व्यायामाचं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा सायकल येईल असं मी धरून चाललो होतो. गेल्या उन्हाळ्यात हृदयाची एक नळी उघडून घेतल्यापासून डॉक्टर चाला म्हणत होते आणि माझे गुडघे नको म्हणत होते. जवळच्या सदर बाजारात जायचं तरी मी ऑटो करायचो. पुतणीने मोबाइलवर शोधाशोध केली आणि एका रविवारी माझ्यासमोर चित्र धरलं. खाली लांब रूळ, त्यावर सरकणारी गादी, दोन्ही बाजूंना एकेक दांडा.

"हे पाहा न काका. बसून करायचं, गुडघ्यावर वजन नाही. आणि सायकलपेक्षा स्वस्त पडून राहिलं."

"हे काय असतं?" मी विचारलं. चित्र पाहताच मला कळलं होतं.

"बोट वल्हवल्यासारखं." तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने आईकडे पाहिलं.

वहिनी मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पुतणी आवाज खाली आणून म्हणाली, "नको असेल तर राहू द्या."

नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. आमच्या घरात ते कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते खोटं होतं. म्हणून मी म्हणालो, "चलो, मागव."

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझ्या मोठ्या भावाची बायको. पुतणी दोन गल्ल्या सोडून राहते, शाळेत शिकवते, रविवारी येते. तिने वडिलांना पाहिलेलं नाही. ती पोटात असताना दादा नर्मदेत बुडाला. नावेत आम्ही दोघं भाऊ होतो आणि वल्ही माझ्या हातात होती.

घराने ऐकलेली गोष्ट अशी. वहिनींना सातवा महिना होता. त्यांना नर्मदेची ओटी भरायची होती, भर प्रवाहात. पोटुशीने नावेत पाय ठेवायचा नाही असं आई म्हणाली, म्हणून नारळ, खण आणि तांदूळ देऊन त्यांनी दादाला पाठवलं. ओटी सोडायला तो मागच्या फळीवर उभा राहिला आणि तोल जाऊन पडला. मी वल्हवत होतो, माझी पाठ त्याच्याकडे होती, त्यामुळे मला काही दिसलं नाही. वळून पाहिलं तेव्हा पाणी रिकामं होतं.

पाठ होती, हे वाक्य मी घाटावर वडिलांना सांगितलं. थंडीने दात वाजत होते आणि ते आपोआप बाहेर आलं. वडिलांनी ते पोलिसांना सांगितलं, आईने नागपूरला वहिनींच्या माहेरी कळवलं, आणि थोड्याच दिवसांत ते माझं राहिलं नाही, सगळ्यांचं झालं. त्याच्याबरोबर दुसरंही एक वाक्य फिरू लागलं, ओटीच्या हट्टापायी नवरा गेला. त्यानंतर वहिनींना कोणी ओटी भरायला बोलावलं नाही. विधवा म्हणून नाही बोलावलं असं म्हणता येईल. पण त्यांच्या सख्ख्या भावाने आपल्या मुलीच्या डोहाळजेवणाला त्यांना घरातसुद्धा बोलावलं नाही, ते केवळ विधवा म्हणून नव्हे. वहिनी कधी काही बोलल्या नाहीत. मी लग्न केलं नाही, त्यांना आणि पुतणीला सांभाळलं. लोक माझं उदाहरण द्यायचे. मी देऊ द्यायचो.

यंत्र आलं ते माणूस आडवा मावेल एवढ्या खोक्यात. कारखान्यात माझी नोकरी सुट्या भागांची ड्रॉइंगं तपासण्यात गेली, त्यामुळे जोडणीचं मला काही वाटलं नाही. सोबत चित्रांचा एक कागद होता, अक्षर एकही नाही. कणा, मागचा पाय, पुढचा पाय, पावलं अडकवायच्या पट्ट्या. दोन्ही दांड्यांच्या खाली तेलाचे दट्टे होते, दांडा ओढला की तेल अडवतं. पहिल्यांदा मी डावा दांडा उजवीकडे लावला. काढताना हाताला तेल लागलं आणि ते दिवसभर साबणाने गेलं नाही.

यंत्र मी अशा रीतीने ठेवलं, की बसलं की तोंड भिंतीकडे यावं. पुतणीने रविवारी येऊन ते फिरवलं.

"भिंत काहून पाहायची? इकडे तोंड करा. बोलता येईल आईशी."

त्या बाजूला स्वयंपाकघराचं दार आणि दारात वहिनींची वेताची खुर्ची.

पहिल्याच दिवशी दांडे ओढले आणि आवाज आला. वल्हं दोरीच्या फासात फिरतं तेव्हा ओढताना एक आवाज येतो आणि परत जाताना दुसरा, जरा खालच्या पट्टीतला. तेच दोन आवाज. दट्ट्यांना तेल घातलं, बोल्ट घट्ट केले. आवाज गेला नाही. डोळे मिटले की खोली मागे सरकू लागायची. मागे म्हणजे माझ्या पाठीकडे, जिकडे नाव जाते तिकडे. उघडले की सगळं जागच्या जागी, दारात वहिनी, हातात काहीतरी काम.

मग गादीचं सुरू झालं. दुपारी मी माझ्या खोलीत आडवा झालो होतो. बाहेर रुळावरून गादी सरकल्याचा आवाज आला. सावकाश, कोणीतरी बसताना सरकावी तशी.

"भाऊजी," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "इतक्यात पुन्हा बसले काय?"

मी बाहेर आलो. गादी पावलांच्या पट्ट्यांपाशी होती. मी ती दुसऱ्या टोकाला ठेवली होती.

"मी खोलीत होतो."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

फरशी सपाट आहे का ते मी पाणसळ लावून पाहिलं. फरशीला मोरीकडे उतार आहे, गादीची चाकं नवी आहेत, रस्त्यावरून ट्रक गेला की घर हलतं. कारण चोख होतं. यंत्राच्या पायाखाली मी पुठ्ठा घातला, उतार मोडला. तरी दुसऱ्या दुपारी गादी पट्ट्यांपाशी आली. मी पुन्हा पाणसळ काढली नाही. यंत्र विकून टाकावं असं मनात आलं आणि त्याच क्षणी वाटलं, हे विकायला काढलं तर वहिनी काय ते ओळखतील. का वाटलं, सांगता येत नाही. त्यांनी तोवर काहीच विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पुतणी मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली. माझी पाठ वाकते, ओढायची पद्धत चुकते, म्हणून ती मला नदीतल्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवत होती.

"हे पाहा, आधी पाय, मग पाठ, मग हात. आणि हे किती मजेदार आहे, काका. बोट पाठीकडे जाते. पुढे काय आहे ते यांना दिसतच नाही. हे सगळे मागेच पाहून राहिले."

"आपल्या घाटावर पण तसंच असते न," ती आपल्याच तंद्रीत म्हणाली. "नावाडी आपल्याकडेच तोंड करून बसतो. तो नाही का, पूर्ण वेळ गप्पा मारत होता, शाळेची सहल नेली होती तेव्हा."

नर्मदेत नावेची फेरी मारलेल्या प्रत्येकाने वल्हवणाऱ्याचं तोंड पाहिलेलं असतं. माझ्या वडिलांनी पाहिलं होतं, आईने पाहिलं होतं. मागच्या फळीवर बसलेला माणूस त्याच्या समोर असतो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. पण शोकात कोणी या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या नाहीत. आणि वहिनी लग्न होऊन नागपूरहून आल्या होत्या, तिथे नावेची नदी नाही. त्या आधी नावेत बसल्या नव्हत्या, नंतर तर प्रश्नच नव्हता.

दारात वहिनींचं भाजी निवडणं थांबलं होतं. मी तिकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने वहिनी लेकीला म्हणाल्या, "चहा टाक बरं. साखर माझ्यात नको."

दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर बसलो तेव्हा वेताची खुर्ची दारात नव्हती. ती यंत्राच्या पुढ्यात होती, पावलांच्या पट्ट्यांना लागून. वहिनी येऊन तिच्यावर बसल्या. हातात भाजी नाही, वाती नाहीत. मी ओढलं. त्यांचा चेहरा लांब गेला. सोडलं, जवळ आला. त्या माझ्या हातांकडे नव्हत्या पाहत. मी खाली पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. वल्हवताना नजर ठेवायला दुसरी जागा नसते, हे मला पूर्वीही कळलं होतं.

असे काही दिवस गेले. त्या जेवण वाढत होत्या, गोळ्यांची आठवण करत होत्या. सकाळी मी उठायच्या आत खुर्ची तिथे मांडलेली असायची. यंत्रावर बसायचं टाळलं तरी त्या ठरलेल्या वेळी येऊन बसायच्या, रिकाम्या गादीसमोर. एकदा मी खोलीच्या दारातून पाहत होतो आणि गादी आपली आपण त्यांच्या दिशेने आली. त्या मागे सरकल्या नाहीत. जवळच्या माणसाला जागा करून द्यावी तसे त्यांनी फक्त पाय जरा बाजूला घेतले.

त्या दिवशी मी जाऊन गादीवर बसलो. दांड्यांना हात लावला नाही.

"वहिनी, माझी पाठ नव्हती."

"हं."

"मला दिसत होतं."

"ओटीचं सांगा आधी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव विचारावा तसा.

"ओटी त्याने केव्हाच सोडली होती. बसून सोडली, नीट, हात जोडून. खण जरा वेळ पाण्यावर तरंगला. मग आम्ही परत फिरलो होतो."

"परत फिरले होते?"

"हो."

"म्हणजे ओटीसाठी उभे नव्हते राहिले."

"नाही. ओटीचा काही संबंध नाही."

वहिनींनी पदराचं टोक हातात घेतलं आणि बोटाला गुंडाळत राहिल्या. मी पुढचं सांगितलं. परतताना दादाने सांगितलं की बाळंतपण झालं की तो नागपूरला जाणार, नोकरीचं ठरलं आहे. आईवडील माझ्यावर टाकून जातोस, असं मी म्हणालो. शब्दाला शब्द वाढला. मी रागाने ओढत होतो आणि नाव वाकडी जात होती. तो हसला. "दे इकडे, तुझ्या रागाने आपण घाटाऐवजी दूर शहपुऱ्याला पोचू," म्हणत जागा बदलायला उठला. तो उभा असताना मी दोन्ही वल्ही जिवाच्या जोराने ओढली. त्याने खाली बसावं म्हणून. तो पाठीमागे पाण्यात गेला. स्वेटर, बूट, सगळ्यासकट.

"मग?"

"मग मी ओढत राहिलो. येईल पोहत, म्हटलं. जरा भिजू दे. त्याचं डोकं वर आलं, हात वर आला. मला वाटलं, चिडवतो आहे. मी ओढतच होतो, वहिनी. तो लहान होत गेला आणि मी पाहत होतो. थांबलो तेव्हा तो नव्हता."

त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "उठा."

मी उठलो. त्यांनी पदर खोचला आणि यंत्रावर बसल्या. सत्तरीची बाई, त्या गादीवर. पट्ट्यांत पावलं घातली. मला खुर्चीकडे हात केला. मी बसलो. त्यांनी दांडे ओढले, जेमतेम अर्धे, पुन्हा सोडले. त्यांचा चेहरा आला आणि गेला. गेला आणि आला. कपाळावरची शीर, डोळ्यांच्या कडा, सगळं दिसत होतं.

"इतक्या जवळून," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"आणि पोरीला काय सांगितलं मी आजवर? मी पाठवलं म्हणून गेले, असं. लहानपणी ती विचारायची तेव्हा." त्यांनी पुन्हा ओढलं. "तिला तुम्ही सांगा. मी बाजूला बसेन, पण बोलणार नाही. आणि लिहून काढा. माझ्या भावाला वाचू दे. नावं नका घालू. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

पुतणीला मी रविवारी सांगितलं. ऐकून झाल्यावर आईला म्हणाली, "चल माझ्या घरी," आणि वहिनी म्हणाल्या, "काहून? घर माझं आहे." पुतणी त्यानंतर आलेली नाही. आईला रोज फोन करते. माझ्या तब्येतीचं विचारते का, ते मी विचारलेलं नाही.

इथवर लिहून मी वहिनींना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोन दुपारी वाचलं. यंत्राच्या गादीबद्दल लिहिलेलं त्यांनी राहू दिलं. "मीही पाहिलं ते," एवढंच म्हणाल्या. एका वाक्यावर मात्र बोट ठेवलं. दादा माझ्यापेक्षा चांगला पोहायचा, असं मी लिहिलं होतं.

"हे काढा."

"पण खरं आहे ते."

"खरं आहे. बाकीचं तुम्ही आमच्यासाठी लिहिलं. हे स्वतःसाठी लिहिलं."

मी ते तिथून काढलं. मग त्यांनी कागद एकावर एक रचले, पाकिटात घातले आणि पाकिटावर आपल्या भावाचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला.