खालची पट्टी शेळ्यांची

मंगलचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या सिडकोतल्या घरी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. मंगल म्हणजे माझ्या मामांची सून. "ताई, आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाय," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवला आणि, खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला हायसं वाटलं. मग त्याची लाज वाटली. पण मामांना अंथरुणाला खिळून राहावं लागलं नाही, आणि आमच्या दोघांत बोलायचं काही राहून गेलं नव्हतं... ही दुसरी गोष्ट काही वर्षांपूर्वी मला म्हणता आली नसती.

मामांचं गाव येवल्याच्या पुढे, कोरडवाहू. गावामागे टेकडी, तिच्या पायथ्याशी पाझर तलाव. मामांकडे चाळीसेक शेळ्या होत्या. माझे वडील लवकर गेले, तेव्हा आईच्या या धाकट्या भावाने आम्हाला सांभाळलं. माझं डी.एड. मामांच्या बोकडांवर झालं, असं आई हसत सांगायची, आणि ते शब्दशः खरं होतं. पुढे माझी बदली त्याच गावच्या शाळेत झाली. तोवर घरोघरी शेळ्या झाल्या होत्या आणि टेकडी पार बोडकी. कुठे हिवराचं, बोरीचं रोप वर आलं की आठ दिवसांत त्याचा शेंडा गेलेला असायचा. खुरांनी उतारावरची माती मोकळी व्हायची, पावसात ती सगळी तलावात यायची. तलाव गाळाने भरला, विहिरी पौषातच तळ दाखवू लागल्या. मुली शाळा बुडवून हंडे घेऊन जायच्या आणि मी हजेरीपटावर फुल्या मारायचे.

ग्रामसभेत चराईबंदीचा विषय आला तेव्हा बोलायला मीच उभी राहिले. शेळी गवत ओरबाडून थांबत नाही, कोवळा शेंडा खाते, म्हणून झाड वाढतच नाही, असं सगळं समजावून सांगितलं. मामा मागच्या रांगेत बसले होते. ते उठले, म्हणाले, "बाईंचं शिकून झालंय. आता शेळ्या नसल्या तरी चालतंय," आणि निघून गेले. मला ते 'बाई' म्हणाले होते. त्याआधी मी त्यांची सुमे होते.

ठराव झाला. मामांनी शेळ्या विकल्या, पाच ठेवल्या, त्या दारात बांधून. भाऊबीजेला ते आईकडे यायचे, पाटावर बसायचे, माझ्याकडे न बघता चहा घ्यायचे. सात वर्षं असं चाललं. टेकडी मात्र बदलत गेली. आधी गवत आलं, मग आपटा, हिवर, बोर हातभर, कमरेएवढे झाले. लोक कौतुक करायचे आणि मला ते गोड लागायचं नाही.

मग एका चैत्रात टेकडी पेटली. कुणाच्या विडीने की कशाने, कळलं नाही. सात वर्षांचं न चरलेलं, वाळलेलं गवत गुडघ्याएवढं उभं होतं. आग खालून लागली आणि चढत गेली. आम्ही कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो, आणि धुरात बघते तर शेजारी मामा. सत्तरी उलटलेली, भुवया होरपळलेल्या. वरची झाडं वाचली, खालची सगळी गेली. आग विझल्यावर मी एका दगडावर बसून रडत होते. मामा येऊन बाजूला बसले. म्हणाले, "बंदी तू आणली, ते बरोबरच केलं सुमे. शेळीने टेकडी खाल्ली, हे मला तुझ्याआधी दिसत होतं. पण वर नको होती ती खाली चालली असती. गवताचं बी गळलं, की खालच्या पट्टीत थोड्या सोडायच्या. गवत एवढं वाढलंच नसतं."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं?

"तेव्हा बोललो असतो तर शेळ्या वाचवायला बोलतो असं वाटलं असतं सगळ्यांना," ते म्हणाले. मग हातातली डहाळी खाली टाकत, "...अन् थोडं तसंच होतं."

त्या शेवटच्या वाक्यावर मी त्यांचा हात धरला. सात वर्षांचं ओझं तिथेच, त्या काळ्या राखेत उतरलं.

पुढच्या ग्रामसभेत आम्ही दोघं मिळून बोललो. वरची टेकडी बंदच, खालची पट्टी तीन भागांत, दर वर्षी एक भाग, तोही पावसाळ्यानंतर आणि मोजक्या शेळ्यांना. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक घर अजूनही चोरून वर सोडतं. पण तलावाला आता फाल्गुनापर्यंत पाणी असतं. निवृत्तीनंतर मी नाशकात आले. स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मामा आठ दिवस माझ्याकडे होते. कॉलनीच्या बागेत माळी मेंदीचं कुंपण छाटत होता, ते बघून म्हणाले, "हा शेळीपेक्षा वाईट. शेळी निदान लेंड्या तरी देते."

दहाव्याला गेले तेव्हा मंगल मला गोठ्यात घेऊन गेली. शेवरीच्या पाल्याच्या पेंड्या दोरीने आडव्या वाशाला टांगलेल्या, शेळीच्या तोंडाला येतील अशा. शेळी जमिनीवर पडलेला पाला खात नाही, मामांची ही पद्धत. मंगल नवी पेंडी बांधत होती, मी दोर धरला. औंदा खालच्या पट्टीतला कोणता भाग, मी विचारलं. तलावाकडचा, आप्पांनी सांगून ठेवलंय, ती म्हणाली. आणि पुढच्या वर्षी कोण ठरवणार?

मंगलने दोराला गाठ मारली, ओढून बघितली. "आप्पा बी आधी ठरवत नव्हते ताई. जाऊन गवत बघायचे. मी बी बघीन."

शेळ्यांनी माना वर केल्या आणि पाला ओढायला सुरुवात केली.