पिराजीनं ओट्याला पाजलेलं शेंगतेल

मंगळवार पेठेतल्या पिराजी पॉलिशवाल्याचा आवाज त्याच्या आधी घरात शिरायचा. दार, पलंग, देव्हारा, काहीही द्या. त्याच्या हाताखालून गेलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. एकच गोष्ट त्यानं कुणाला कळू दिली नव्हती. जन्मभर थिनरमध्ये काम करून त्याला वास येणंच बंद झालं होतं. कळलं तर काम कोण देणार, या भीतीनं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शाहूपुरीतल्या अवंतिकाबाईंनी सागवानी ओटा करून घेतला. "पिराजीमामा, मी ह्यावरच कणीक मळणार, पोळ्या लाटणार. केमिकल नको. पोटात गेलं तरी चालेल असं काहीतरी लावा."

पिराजीनं डोकं चालवलं. रोज पोटात जातं ते शेंगतेल! त्याची बायको चिमणाबाई हिनं पॉलिशपेपरनं ओटा घासून दिला आणि यानं हात सैल सोडून तेल पाजलं. ओटा झळाळला. अख्खं कोल्हापूर शेंगतेलावर पोसलंय, त्यात कसलं आलंय विष, असा त्याचा सरळ हिशेब. विष नव्हतंच. पण शेंगतेल लाकडात सुकत नाही, तसंच राहून खवट होतं.

उन्हं तापली आणि अवंतिकाबाईंचा फोन आला. पिराजी चिमणाबाईला घेऊन गेला. ओट्याला बोट चिकटत होतं.

"पोळ्यांना वास लागतोय हो," अवंतिकाबाई म्हणाल्या.

पिराजी वाकला, जोरात श्वास ओढला आणि आवाज चढवला. "कसला वास? काय बी वास न्हाय हितं!"

चिमणाबाईनं तर दारातच पदर नाकाला लावला होता. "अवो, खवट मारतंय की! तुमास्नी येत न्हाय व्हय?"

आता थाप मारायला जागा नव्हती. "न्हाय येत," पिराजी म्हणाला. "लई वर्सं झाली."

काम गेलं असंच त्यानं धरलं. पण अवंतिकाबाई व्यवहारी. "मग हात तुमचा, वास मामी घेतील," त्या म्हणाल्या. जवसाचं तेल लाकडात सुकतं हे पिराजीला ठाऊक होतं, पण ते खायचंही मिळतं हे तेव्हा सुचलं नव्हतं. रंगाच्या दुकानातलं नको, त्यात लवकर वाळायची औषधं असतात. लाकडी घाण्यावरचं खायचं तेल आणायचं, असं ठरलं. ओटा कोऱ्या लाकडापर्यंत घासायचा, तेलाचा पातळ हात द्यायचा, पुसायचा, नीट वाळू द्यायचा, मग दुसरा. शेवटी मधाच्या पोळ्याचं मेण. चिमणाबाई वास नाही म्हणाली की काम संपलं.

परतताना रिक्षात चिमणाबाई बाहेरच बघत बसली. लपवल्याचा राग आला असणार, असं पिराजीला वाटलं.

"आपली नात रोज तुमच्या मांडीवर झोपती," ती एकदम म्हणाली. "तिच्या जावळाचा वास बी न्हाय आला कवा?"

"न्हाय." पिराजीचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "कसा येतोय, सांग की."

चिमणाबाईला सांगता येईना. तिनं भर रिक्षात त्याचा हात धरला आणि ती रडायला लागली.